'निरंक' अहवालाची चिकित्सा : रॅगिंगविषयक कायदा, चित्रपट आणि महाविद्यालयीन वास्तव

प्रस्तावना

महाविद्यालयीन कार्यालयाच्या मराठीत 'निरंक' हा फार सोयीचा शब्द आहे. विद्यापीठाकडे पाठवावयाचा तक्ता असो, शासनास सादर करावयाची माहिती असो वा नॅकसाठी तयार होणारा अहवाल असो, 'रॅगिंगच्या तक्रारींची संख्या' या रकान्यापुढे 'निरंक' असे लिहिले की रकाना भरतो आणि फाइल पुढे सरकते. विद्यार्थ्यांच्या तक्रारींचे निवारण कसे होते, याची विचारणा नॅकच्या पाचव्या निकषाखाली होत आली आहे व तीत रॅगिंगचा स्वतंत्र उल्लेख आहे. साहजिकच या शब्दाला संस्थेच्या प्रतिष्ठेचेही मोल प्राप्त झाले. परंतु 'निरंक' याचे अर्थ दोन होतात. पहिला, काही घडले नाही. दुसरा, जे घडले ते कागदावर आले नाही. अहवाल वाचणारा पहिला अर्थ घेतो. वास्तवात कोणता अर्थ लागू आहे हे त्या शब्दावरून कळण्याची सोय नसते.

'आता पूर्वीसारखे रॅगिंग राहिले नाही' हे विधान अध्यापक-कक्षात वारंवार ऐकू येते. ते सर्वस्वी चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही. सकाळच्या एस.टी.ने पारनेर, श्रीगोंदा वा नेवाशाहून येणारा आणि दुपारच्या गाडीने परतणारा विद्यार्थी ज्या कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांत बहुसंख्य आहे, तेथे ज्येष्ठ विद्यार्थ्यांची सत्ता चालण्यास अवकाशच थोडा. रॅगिंगचा संबंध इयत्तेपेक्षा निवासाशी अधिक आहे. जेथे रात्र एका छताखाली काढावी लागते, जेथे शिकणे आणि राबणे एकाच माणसाच्या हाताखाली होते, तेथे ते टिकून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाच्या वसतिगृहात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचा झालेला मृत्यू आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेत पाटणनजीक धारपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात 'परिचया'साठी सुमारे तीन तास उभे केलेल्या विद्यार्थ्याचा मृत्यू, या दोन घटना 'पूर्वीसारखे राहिले नाही' या विधानाच्या मर्यादा स्पष्ट करण्यास पुरेशा आहेत. महाराष्ट्राच्या संदर्भात मात्र प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. तो समजून घेण्यासाठी प्रथम आपल्याच कायद्याची संहिता वाचावयास हवी.

अधिनियमाची शब्दयोजना

तमिळनाडूतील अण्णामलई विद्यापीठात १९९६ साली पोन नवरसू या वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्याची हत्या झाली. त्यानंतर त्या राज्याने १९९७ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये स्वतःचा अधिनियम केला. सर्वोच्च न्यायालयाचा विश्व जागृती मिशन प्रकरणातील २००१ चा निर्णय, राघवन समितीचा २००७ चा अहवाल आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची २००९ ची विनियमावली हे सारे त्यानंतरचे होय. या दृष्टीने महाराष्ट्राचा अधिनियम अग्रेसर ठरतो.

अधिनियमातील व्याख्या विशेष लक्षणीय आहे. विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक इजा होईल, त्याच्या मनात भीती, लज्जा वा संकोच निर्माण होईल असे कोणतेही बेशिस्त वर्तन तीत अंतर्भूत आहे. चिडविणे, शिवीगाळ, धमकी, थट्टा यांच्याबरोबरच, जी गोष्ट विद्यार्थी एरवी स्वेच्छेने करणार नाही ती त्यास करावयास सांगणे, हेही रॅगिंगच मानले आहे. हे शेवटचे कलमवाक्य रचणाऱ्यास वसतिगृहाची चांगली जाण असली पाहिजे. मारहाण नाही, अपशब्द नाही. 'गाणे म्हण', 'पाणी भरून आण', 'माझी जर्नल पूर्ण कर' एवढेच सांगितले जाते. ते नाकारण्याचे स्वातंत्र्य समोरच्याला आहे काय, हा खरा प्रश्न आहे आणि व्याख्या नेमकी तेथेच बोट ठेवते. रॅगिंग संस्थेच्या आवारात झाले की बाहेर, यानेही फरक पडत नाही. दोन्ही ठिकाणी मनाई आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड. सिद्धदोष विद्यार्थ्यास संस्थेतून काढून टाकावे आणि पाच वर्षे अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेश देऊ नये, अशी तरतूद आहे.

येथवर संहितेत उणे काढण्यासारखे फारसे नाही. अडचण कलम ६ आणि ७ यांच्या एकत्रित परिणामात आहे. कलम ६ प्रमाणे विद्यार्थी, पालक वा अध्यापक यांनी संस्थाप्रमुखाकडे लेखी तक्रार केल्यास प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची, तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास आरोपित विद्यार्थ्यास निलंबित करावयाचे आणि तक्रार तत्काळ पोलीस ठाण्याकडे पाठवावयाची. तथ्य न आढळल्यास तसे तक्रारदारास लेखी कळवावयाचे. कलम ७ प्रमाणे प्रमुखाने यात कसूर केल्यास त्याने गुन्ह्यास अपप्रेरणा दिली असे मानले जाते आणि तोही शिक्षेस पात्र ठरतो.

हेतू उघडच चांगला आहे. पण या रचनेत सारा भार 'लेखी' या एका शब्दावर येऊन पडतो. कागद हाती आला की सात दिवसांचे घड्याळ सुरू होते, पोलीस ठाणे येते, वृत्तपत्रे येतात, आणि स्वतः प्रमुखाच्या डोक्यावर गुन्ह्याची टांगती तलवार येते. कागद हाती आलाच नाही तर यांपैकी काहीही घडत नाही. कायद्याने कसूर दंडनीय केली. तक्रार कागदावर उतरू न देणे मात्र त्याच्या दृष्टीआड राहिले. 'मुलांचे आहे, समजुतीने मिटवू', 'तुमच्याच मुलीचे वर्ष वाया जाईल', 'अर्ज नको, मी बोलतो त्यांच्याशी' ही वाक्ये कोणत्याही परिपत्रकात नसतात, पण ती सर्वांच्या परिचयाची आहेत. ती बोलणारा प्रत्येक जण दुष्ट असतो असे नाही. अनेकदा त्यात कळकळही असते. तथापि त्या कळकळीचा कार्यालयीन परिणाम 'निरंक' हाच होतो.

नायर रुग्णालय, २०१९

डॉ. पायल तडवी या जळगाव जिल्ह्यातील तडवी भिल्ल या आदिवासी समाजातील. मिरज येथे एम.बी.बी.एस. पूर्ण करून २०१८ मध्ये त्यांनी मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजेच नायर रुग्णालयात, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. २२ मे २०१९ रोजी वसतिगृहातील खोलीत त्यांनी जीवन संपविले. तीन ज्येष्ठ सहकारी डॉक्टरांविरुद्ध आत्महत्येस प्रवृत्त करणे, अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम आणि १९९९ चा रॅगिंगविषयक अधिनियम यांखाली गुन्हा नोंदविण्यात आला. दोषनिश्चिती हा न्यायालयाचा प्रांत होय व येथे त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही. पाहावयाची आहे ती या प्रकरणातील आरोपांची घडण.

आरोप पहिल्या आठवड्यातील ओळख-परेडचे नाहीत. नाचावयास लावणे, अर्धनग्न उभे करणे यांचा त्यात मागमूस नाही. जात आणि राखीव जागेवरील प्रवेश यांवरून टोमणे, व्हॉट्सॲप गटांवर उपहास, रुग्णांसमोर पाणउतारा, प्रसूती व शस्त्रक्रियांच्या प्रत्यक्ष कामापासून दूर ठेवणे, असे त्यांचे स्वरूप आहे. म्हणजे छळाचे साधन खोली वा मैदान नसून कामाचे वाटप हेच होते, असा हा आरोप आहे. वैद्यकीय निवासी पद्धतीत तिसऱ्या वर्षाचा डॉक्टर पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला काम सांगतो, शिकवितो आणि रागावतोही. ही उतरंड शिक्षणाचाच भाग असल्याने तिच्या आडोशाने चाललेला छळ बाहेरून 'शिस्त' म्हणूनच दिसतो. ज्याला शस्त्रक्रियागृहात उभे राहू दिले जात नाही तो तक्रार तरी काय करणार? 'मला काम दिले जात नाही' हे वाक्य रॅगिंगच्या तक्रारीसारखे ऐकू येत नाही.

कुटुंबीयांचे म्हणणे असे की, त्यांनी मृत्यूपूर्वीच संबंधितांच्या कानावर हा त्रास घातला होता, पण तोंडी. येथे कलम ६ मधील 'लेखी' या शब्दाचे सारे गांभीर्य समोर येते. पायल यांच्या मातोश्री आबेदा तडवी यांनी, राधिका वेमुला यांच्यासमवेत, त्याच वर्षी उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. संहितेची उणीव होती असेही नाही. आयोगाने २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, वर्ण, लिंग, प्रादेशिक व भाषिक ओळख, आर्थिक पार्श्वभूमी यांवरून केलेला छळ रॅगिंगच्या व्याख्येत घेतलेलाच होता. २०१९ साली शब्द उपलब्ध होते. आपल्यासमोर चालले आहे ते याच शब्दांत बसते, हे ओळखणारी नजर उपलब्ध होती काय, हा प्रश्न राहतो.

आणखी एक बाब. अधिनियमातील काढून टाकण्याची तरतूद दोषसिद्धीवर अवलंबून आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचा. खटला त्याहून कितीतरी लांब चालतो. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही आरोपी डॉक्टरांना अभ्यासक्रम पूर्ण करण्याची मुभा दिली. दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानावयाचा, हे तत्त्व पाहता या आदेशाबद्दल तक्रार करता येत नाही. मात्र यावरून एवढे निश्चित होते की, ज्या काळात कायद्याने संस्थेला संरक्षण द्यावयाचे त्या काळात न्यायालय नव्हे, महाविद्यालयच निर्णायक असते.

पडद्यावरची थट्टा

ही नजर घडते कशी? अध्यापक व विद्यार्थी या दोहोंच्या मनातील रॅगिंगचे चित्र मुख्यतः हिंदी चित्रपटांनी घडविले आहे, असे म्हणण्यास जागा आहे. 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' (२००३) मध्ये नवागत नायक रॅगिंग करणाऱ्यांवरच बाजी उलटवितो, कारण तो मुळात गुंड आहे आणि त्याचे साथीदार दाराशी उभे आहेत. 'थ्री इडियट्स' (२००९) मधील नायक भौतिकशास्त्राच्या ज्ञानावर ज्येष्ठ विद्यार्थ्याला विजेचा झटका देतो. दोन्ही प्रसंगी प्रेक्षागृह हसते. यात नवागताला आपली सुटका स्वतःच करावयाची असते. बळ असेल तर बळाने, बुद्धी असेल तर बुद्धीने. ज्याच्यापाशी दोन्ही नाही त्याचे काय होते, हे दाखविण्यात कॅमेऱ्याला रस नाही. अंतर्वस्त्रांवर रांगेत उभी असलेली बाकीची मुले केवळ पार्श्वभूमी म्हणून उरतात. हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमन कचरू या विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळे मृत्यू झाला तो मार्च २००९ मध्ये. आयोगाची विनियमावली आली ती जूनमध्ये, आणि 'थ्री इडियट्स' झळकला तो डिसेंबरमध्ये. एकाच वर्षातील ही तीन टोके.

'छिछोरे' (२०१९) चे उदाहरण याहून बोलके आहे. प्रवेश-परीक्षेतील अपयशाने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मुलाला त्याचे आईवडील आपल्या वसतिगृहातील दिवसांची गोष्ट सांगतात, असे त्याचे कथानक आहे. अपयशाच्या दडपणाविषयी हा चित्रपट खरोखर संवेदनशील आहे. मात्र त्याच वसतिगृहातील रॅगिंग त्याला मैत्रीचे प्रवेशद्वार वाटते. आज छळणारा ज्येष्ठ उद्याचा जिवलग ठरतो. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर अवघ्या काही महिन्यांत हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शकावर असंवेदनशीलतेचा ठपका ठेवण्यासाठी हे नमूद केलेले नाही. तरुणांच्या आत्महत्येचा प्रश्न गांभीर्याने हाताळणाऱ्या कलाकृतीलाही रॅगिंगचा त्या प्रश्नाशी संबंध जोडावासा वाटला नाही, ही गोष्ट आपल्या सामूहिक स्मरणरंजनाची खोली दाखविते. 'टेबल नंबर २१' (२०१३) हा उलट दिशेचा प्रयत्न म्हणता येईल. त्यात रॅगिंगने उद्ध्वस्त झालेल्या मुलाचा बाप सूड घेतो. पण सूडकथेचे रहस्य शेवटपर्यंत राखण्याच्या नादात पीडित मुलगा अखेरीस क्षणभर दिसतो. हसण्यातही तो नाही आणि सूडातही तो नाही.

परिणामी कोणी 'त्रास होतो' असे सांगू लागले की, ऐकणारा मनातील चित्राशी ते ताडून पाहतो. गाणे म्हणावयास लावले का? कपडे उतरविले का? नाही? मग ते रॅगिंग नव्हे. नायरमधील आरोपांसारखे प्रकार या चाळणीतून सहज गळून जातात.

वसतिगृहाची दोन रूपे

पाश्चात्त्य विद्यापीठांतील 'हेझिंग'शी तुलना केल्यास आपल्या प्रश्नाचे वेगळेपण कळते. अमेरिकेत ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या विद्यार्थी-बंधुमंडळांत व भगिनीमंडळांत प्रवेश मिळविण्यासाठी उमेदवार स्वतःहून पुढे येतो आणि सभासदत्वाच्या आशेने अत्याचार सोसतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील बीटा थीटा पाय या मंडळाच्या अशाच एका रात्री टिमथी पियाझा हा विद्यार्थी मद्य पाजले गेल्यानंतर जिन्यावरून पडून मृत्युमुखी पडला. प्रथा तेथेही संपलेली नाही. म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये तेथे संघराज्यीय कायदा करावा लागला. त्यानुसार महाविद्यालयांनी अशा घटनांची आकडेवारी द्यावयाची आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थी-संघटनांची नावे जाहीर अहवालात प्रसिद्ध करावयाची. आपल्याकडील नवागत कोणत्याही मंडळाचा उमेदवार नसतो. त्याला हवी असते फक्त एक खाट, मेसचा डबा आणि पदवी. तो दार ठोठावीत नाही. त्याला दुसरीकडे जाण्याची सोय नसते.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) हे विशेष खरे आहे. अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यातून वा जामखेडच्या टोकावरून जिल्ह्याच्या ठिकाणी रोज ये-जा शक्य नाही. मग शासकीय वसतिगृह, संस्थेचे वसतिगृह किंवा सावेडीसारख्या उपनगरात कॉट बेसिसवर घेतलेली खोली. या खासगी खोल्यांवर महाविद्यालयाचे लक्ष क्वचितच असते; वास्तविक महाविद्यालयाबाहेरील अशा व्यावसायिक वसतिगृहांची नोंद स्थानिक पोलिसांकडे असावी, असे २००९ ची विनियमावली सांगते. पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड कामगारांच्या मुलांची स्थिती आणखी निराळी. प्रवेशाच्या दिवसांत आईवडील गावी असतात, हमीपत्रावर सही वा अंगठा मिळतो. दिवाळीच्या सुमारास ते कारखान्याच्या फडावर जातात आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. वसतिगृहातील संबंध बिघडतात ते नेमके याच महिन्यांत. कलम ६ ने पालकाला तक्रारीचा अधिकार दिला आहे. तो पालक त्या वेळी कोप्यावर असतो आणि पाल्य त्याला फोनवर 'बरं चाललंय' एवढेच सांगतो.

महाराष्ट्रात वसतिगृह ही संस्था मुळात समतेसाठी जन्मली, याचे येथे स्मरण होणे अपरिहार्य आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यास काढलेल्या छत्रपती शाहू बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत व एका पंगतीला जेवीत. तेथेही थोरला मुलगा धाकट्याला काम सांगत असेल. पण पाणी दोघेही भरत. ज्या राज्यात वसतिगृहाचा हा वारसा आहे तेथेच वसतिगृहाची खोली जातीची आठवण करून देण्याचे ठिकाण बनावी, ही विसंगती पुरेशी चर्चिली गेलेली नाही.

विनियमावलीतील दुर्लक्षित तरतूद

२००९ च्या विनियमावलीतील सर्वाधिक परिचित भाग म्हणजे हमीपत्र. विद्यार्थ्याचे एक, पालकाचे एक, दरवर्षी. उत्पन्नाचा दाखला, जातप्रमाणपत्र, गुणपत्रिका यांच्याबरोबर तेही सायबर कॅफेत भरले जाते. ज्याच्या संरक्षणासाठी ते आहे तो मुलगा पुष्कळदा ते वाचत नाही आणि ज्याला धाक बसावयाचा तो तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी तिसऱ्यांदा तेच भरतो. परंतु याच विनियमावलीत दोन तरतुदी अशा आहेत की ज्या 'निरंक'वर मुळीच विश्वास ठेवत नाहीत. सहा नवागतांमागे एक मार्गदर्शक ज्येष्ठ विद्यार्थी असावा, ही पहिली. शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत दर पंधरवड्यास नवागतांचे गोपनीय, यादृच्छिक सर्वेक्षण करून परिसर खरोखरच रॅगिंगमुक्त आहे काय याची पडताळणी करावी, ही दुसरी. ते कसे करावयाचे, याची पद्धत ठरविण्याची मोकळीकही संस्थेला आहे. म्हणजे तक्रार नाही यावरून घटना नाही असे मानू नये, हे विनियमावली रचणाऱ्यांनी २००९ मध्येच ओळखले होते. समितीच्या स्थापनेचा फलक आणि हेल्पलाइनचा क्रमांक दर्शनी भिंतीवर असतो. पंधरवडा-सर्वेक्षणाच्या निष्कर्षांची पाने मूल्यांकनाच्या वेळी कोणी मागत नाही, म्हणून ती तयार करण्याची निकडही कोणास वाटत नाही. शिवाय तीन महिन्यांची मुदत ही जुन्या, ओळख-परेडच्या रॅगिंगची आहे. पदव्युत्तर निवासी डॉक्टर, प्रयोगशाळेतील संशोधक विद्यार्थी वा ऊसतोडीच्या हंगामात एकटा पडलेला मुलगा यांच्यासाठी चौथ्या महिन्यानंतरची पडताळणी अधिक गरजेची आहे, आणि ती करण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

अध्यापकांची भूमिका या सर्व चर्चेत बहुधा समितीचा सदस्य, भरारी पथकातील एक नाव, अशीच राहते. कलम ६ काळजीपूर्वक वाचल्यास तक्रारदारांच्या यादीत विद्यार्थी व पालक यांच्यानंतर अध्यापकाचाही निर्देश आढळतो. म्हणजे घाबरलेल्या मुलाने स्वतः लिहून द्यावे यासाठी अडून बसण्याचे कारण नाही. वर्गात अचानक गप्प झालेली मुलगी, प्रात्यक्षिकाच्या तासाला नेहमी एकटाच बाकावर असणारा मुलगा, दोन वह्यांत दिसणारे एकच हस्ताक्षर, या गोष्टी प्रथम लक्षात येतात त्या अध्यापकाच्याच. त्याने विचारपूस करावी आणि समाधान न झाल्यास लिहावे, एवढा अधिकार त्याला १९९९ पासून आहे. त्यासाठी विहित नमुन्याची आवश्यकता नाही. कोऱ्या कागदावर, दिनांक घालून, प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यावयाचा, आवक नोंदवहीत त्याचा क्रमांक घालून घ्यावयाचा आणि पोच स्वतःजवळ ठेवावयाची. कलमातील सात दिवस त्या पोचेवरील दिनांकापासून मोजता येतात.